अपंग कामगाराचा दवाखाना



कारखान्यातील अपघातात हात किंवा डोळा गमावलेल्या विमाधारक कामगाराला कायदा दोन गोष्टी देतो. एक पैसा आणि दुसरी औषध. पैसा त्याच्या बँकेच्या खात्यात जमा होतो आणि तो हयात असेपर्यंत जमा होत राहतो. औषधाचे मात्र तसे नाही. नोकरी सुटल्यानंतर काही महिन्यांनी सर्वसाधारण उपचारांचा हक्क संपतो. तो पुढे चालू ठेवावयाचा असेल तर कामगाराने स्वतः तसे सांगावे लागते, अर्ज करावा लागतो आणि दर वर्षी एक लहानशी रक्कम आगाऊ भरावी लागते. ही रक्कम भरावी की भरू नये, हा प्रश्न दिसावयास किरकोळ आहे. परंतु अपंग कामगाराच्या घरात पुढील पंधरा-वीस वर्षे औषधपाणी कसे होणार, हे पुष्कळदा याच एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे.

विषय कायद्याचा असला तरी तो एखाद्या गावाच्या आधाराने मांडला म्हणजे सुबोध होतो. त्यासाठी बीरगाव निवडले आहे. रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्याने शहर मागे पडू लागले की बीरगावची वस्ती लागते. तिच्या शेजारी उरला हे औद्योगिक क्षेत्र आहे आणि पुढे सिलतरा. पोलादाच्या भट्ट्या, स्पंज आयर्नचे कारखाने आणि रोलिंग मिल यांच्या आधाराने हे गाव वाढले. आज त्याची स्वतःची महानगरपालिका आहे. मराठी वाचकाला हा प्रदेश अगदीच परका नाही. १९५६ पर्यंत रायपूर हा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता, नंतर तो मध्य प्रदेशात गेला आणि १ नोव्हेंबर २००० पासून छत्तीसगड राज्यात आला. मुंबई-हावडा लोहमार्गाने विदर्भ व छत्तीसगड यांचे येणेजाणे आजही अखंड चालू आहे.

रोलिंग मिलमधील काम कष्टाचे आणि जोखमीचे असते. भट्टीतून निघालेला लालबुंद लोखंडाचा तुकडा लांब सांडशीने पकडून फिरत्या रुळांमध्ये सरकवावयाचा, पलीकडून बाहेर येणारी कांब तितक्याच चपळाईने धरावयाची, आणि हे पाळी संपेपर्यंत करीत राहावयाचे. क्षणभर नजर चुकली किंवा पाय घसरला, तर हात कायमचा जातो.

असा एक कामगार आपण डोळ्यांसमोर आणू या. तो कोणी विशिष्ट मनुष्य नव्हे. हिशेब स्पष्ट व्हावा म्हणून घेतलेले ते एक उदाहरण आहे. त्याचे वय ४१ वर्षे. सरासरी रोज ५०० रुपये. अकरा वर्षे तो विम्याची वर्गणी भरीत आला आहे. घरी पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुले आहेत. पत्नीला रक्तदाबाचा विकार असून रोजची गोळी चुकवून चालत नाही. सप्टेंबर महिन्यात अपघात होतो आणि त्याच्या उजव्या हाताची चारही बोटे जातात.

पहिल्या काही महिन्यांत कर्मचारी राज्य विमा योजना आपले काम चोख करते. उपचार विमा योजनेतून होतात. कामावर जाता येत नाही त्या काळात तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ म्हणून सरासरी रोजच्या ९० टक्के, म्हणजे दिवसाला ४५० रुपये मिळतात. जखम भरून आली की त्याला वैद्यकीय मंडळापुढे उभे राहावे लागते. कमाईची शक्ती किती टक्के गेली, हे मंडळ ठरविते. कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात त्याचे प्रमाण दिलेले आहे. अंगठा गेला तर ३० टक्के आणि एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के. आपल्या उदाहरणातील कामगाराला म्हणून ४५० रुपयांच्या निम्मे, दिवसाला २२५ रुपये, तीस दिवसांच्या महिन्याला ६,७५० रुपये असा कायम अपंगत्वाचा लाभ मंजूर होतो. कामगार त्याला सरळ ‘पेन्शन’ म्हणतात. अधूनमधून हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्याखेरीज या पैशासाठी त्याला फारसे काही करावे लागत नाही.

या लाभाबद्दल एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. पुन्हा कोठे काम धरले तर पेन्शन बंद होईल, अशी भीती पुष्कळांना वाटते. ती निराधार आहे. हा लाभ बेकारीचा भत्ता नसून गमावलेल्या कमाईच्या शक्तीची भरपाई आहे. गेलेली बोटे नवी नोकरी मिळाल्याने परत येत नाहीत. त्यामुळे भरपाईही थांबत नाही. भीतीपोटी घरी बसून राहिलेला मनुष्य स्वतःचे विनाकारण नुकसान करून घेतो.

आता पैसा आणि औषध या दोन गोष्टी मुळात एकत्र कशा आल्या, हे थोडक्यात पाहू. जर्मनीत बिस्मार्कच्या कारकिर्दीत १८८३ साली आजारपणाच्या विम्याचा आणि १८८४ साली अपघात विम्याचा कायदा झाला. भारतात १९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा आला. या कायद्याची दृष्टी सरळ होती. अवयव गेला तर मालकाने ठरलेली रक्कम एकदा द्यावी आणि मोकळे व्हावे. पण एकरकमी पैसा गरिबाच्या घरात फार दिवस टिकत नाही. देणेकरी दाराशी उभेच असतात. शिवाय पैसा मिळाला म्हणून डॉक्टर मिळतोच असे नाही.

ही उणीव दूर करण्याचा विचार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झाला. १९४३ साली प्राध्यापक बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम सोपविण्यात आले आणि १९४४ साली त्यांनी आपला अहवाल दिला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. पुढे १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा संमत झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा प्रारंभ झाला. मालक आणि कामगार या दोघांनी वर्गणी भरावयाची आणि त्या निधीतून आजारपणात, बाळंतपणात, अपघातात पैसा व उपचार दोन्ही पुरवावयाचे, हे या योजनेचे सूत्र. १ जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी वेतनाच्या ३.२५ टक्के व कामगाराची ०.७५ टक्के आहे. नुसता पैसा देऊन मनुष्य बरा होत नाही आणि नुसते औषध देऊन त्याचे घर चालत नाही. म्हणून दोन्ही बरोबर द्यावे, ही या योजनेमागील दृष्टी होय.

कायम अपंग झालेल्या कामगाराच्या बाबतीत मात्र ही जोडी तुटण्याची वेळ येते. पैसा पुढे चालू राहतो आणि औषध मागे पडते. हे कसे घडते ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण ते घडत असताना कोणाला कळत नाही.

विम्याच्या हिशेबात वर्षाचे दोन वर्गणी-काल असतात. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर हा एक आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च हा दुसरा. पहिल्या कालात पुरेशा दिवसांची वर्गणी भरली असेल तर तिचा लाभ पुढील १ जानेवारी ते ३० जून या काळात मिळतो. दुसऱ्या कालातील वर्गणीचा लाभ १ जुलै ते ३१ डिसेंबर या काळात. म्हणजे वर्गणी आणि लाभ यांच्यामध्ये काही महिन्यांचे अंतर असते. आपल्या उदाहरणातील कामगाराने एप्रिल ते सप्टेंबर या कालात अपघातापर्यंत वर्गणी भरली होती. त्यामुळे पुढील जानेवारी ते जून त्याचा दवाखाना चालू राहिला. मधल्या काळात वैद्यकीय मंडळाचा निर्णय झाला, पेन्शन सुरू झाली आणि हात कामाचा नाही म्हणून नोकरीही सुटली. तरीही जूनअखेरपर्यंत पत्नीच्या गोळ्या मिळतच होत्या. मग दवाखाना बंद होणार आहे, हे त्या दोघांना कळावे तरी कसे? १ जुलैनंतर ती दवाखान्याच्या खिडकीशी गेली, तेव्हा तिला सांगण्यात आले की कार्डावर हक्क उरलेला नाही. पेन्शन चालू आहे म्हणजे विमाही चालू आहे, अशी तिची समजूत होती. तिची ही समजूत स्वाभाविक होती. फक्त ती खरी नव्हती.

याच प्रसंगासाठी कायद्यात तरतूद केलेली आहे. १९८९ च्या दुरुस्तीने ती १९४८ च्या कायद्यात आली आणि १९५० च्या केंद्रीय नियमावलीतील ६० व्या नियमाने तिला प्रत्यक्ष रूप दिले. कामावरील अपघाताने कायमचे अपंगत्व येऊन ज्याची विम्याखालील नोकरी सुटली, त्याने दरमहा १० रुपये या दराने वर्षाची वर्गणी एकदम आगाऊ भरावी; म्हणजे त्याला स्वतःसाठी आणि पत्नीसाठी, स्त्री कामगार असल्यास पतीसाठी, उपचारांचा लाभ चालू राहतो. अपंगत्व आले नसते तर ज्या दिवशी तो वयोमानानुसार निवृत्त झाला असता, त्या दिवसापर्यंत ही सोय टिकते. कामावर जाताना किंवा कामावरून परतताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध सिद्ध झाल्यास, २०१० च्या दुरुस्तीपासून कामावरील अपघात म्हणून धरला जातो. बीरगावसारख्या गावी, जेथे अवजड वाहनांच्या गर्दीतून कामगार सायकलने पाळीला जातात, तेथे या गोष्टीचे महत्त्व फार आहे.

हिशेब करून पाहू. वर्षाचे १२० रुपये. आपला कामगार ४१ वर्षांचा आहे आणि कारखान्यातील निवृत्तीचे वय ६० धरले तर १९ वर्षे उरतात. या दराने १९ वर्षांची एकूण रक्कम २,२८० रुपये होते. त्याची दहा दिवसांची पेन्शन २,२५० रुपये आहे. म्हणजे एकोणीस वर्षांच्या दवाखान्याची किंमत दहा-अकरा दिवसांच्या पेन्शनएवढी. त्या बदल्यात मिळते काय? दवाखान्यातील तपासणी, रोजची औषधे, तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला, रुग्णालयातील उपचार, आणि अवयव गमावलेल्यांना कृत्रिम अवयव व त्यांची दुरुस्ती.

इतक्या स्वस्तात मिळणारी गोष्ट मनुष्य का सोडील, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. ती सोडण्यामागे कारणे आहेत आणि त्यांतील काही वजनदार आहेत. त्यांची नीट छाननी केल्याखेरीज उपदेश करणे योग्य होणार नाही.

पहिले कारण दुसऱ्या कार्डाचे आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजना सुरू झाली. तिच्याखाली पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार विनामूल्य मिळतात. छत्तीसगड राज्याने २०२० मध्ये डॉ. खूबचंद बघेल यांच्या नावाने आपली योजना चालू केली. तिच्यात अंत्योदय व प्राधान्य शिधापत्रिकाधारकांना पाच लाखांपर्यंत आणि इतरांना पन्नास हजारांपर्यंत संरक्षण देण्यात आले. पुढे त्या योजनेला शहीद वीर नारायण सिंह यांचे नाव मिळाले. साहजिकच कामगार म्हणतो, माझ्याजवळ पाच लाखांचे कार्ड आहे, मग आणखी १२० रुपये कशासाठी भरू?

या म्हणण्यातील चूक रकमेत नसून कामाच्या स्वरूपात आहे. आयुष्मान योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहे. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस एवढ्या काळातील खर्च तिच्यात धरला जातो. परंतु रक्तदाबाची रोजची गोळी, मधुमेहाची तपासणी, कापलेल्या हाताची ठणक वाढली म्हणून डॉक्टरांकडे मारलेली फेरी, आखडलेल्या सांध्याचा व्यायामोपचार, यांपैकी कशासाठीही रुग्णालयात दाखल व्हावे लागत नाही. म्हणून यांपैकी कशालाही ते कार्ड उपयोगी पडत नाही. पाच लाखांचा आकडा मोठा आहे. पण बीरगावमधील घराचा पैसा मोठ्या शस्त्रक्रियेपेक्षा औषधांच्या दुकानात थोडाथोडा करून जातो. गोळी दोन महिने चुकली आणि पक्षाघात झाला, तर मात्र ते कार्ड उपयोगी पडते. म्हणजे एक कार्ड आजार वाढू नये म्हणून आहे आणि दुसरे तो वाढल्यावर. एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

यालाच जोडून मुलांचा विचार केला पाहिजे. ६० व्या नियमाचा लाभ पती-पत्नीपुरता आहे. मुलांना तो मिळत नाही. कामगार नोकरीत होता तोवर मुलेही त्याच्या विम्यात होती. आता ती बाहेर पडतात. त्यांच्यासाठी शिधापत्रिकेवरील पात्रता तपासून आयुष्मान कार्ड काढून ठेवणे अगत्याचे आहे. शहाण्या घराने दोन्ही कार्डांचे काम वेगवेगळे ओळखून त्यांची सोय लावावी. सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांसाठी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आयुष्मान योजनेचा विस्तार झाला, तेव्हा केंद्र सरकारने स्पष्ट केले की कर्मचारी राज्य विम्याखालील वृद्धांनाही तिचा लाभ घेता येईल. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेतील लोकांना मात्र दोहोंतून एकाची निवड करावी लागते. म्हणून प्रत्येक ठिकाणी विचारावयाचा पहिला प्रश्न असा, की येथे एकच कार्ड निवडावयाचे आहे की दोन्ही ठेवता येतात.

दुसरे कारण दवाखान्याच्या अनुभवाचे आहे. सकाळपासून रांगेत उभे राहावे आणि शेवटी औषध शिल्लक नाही असे ऐकून परतावे, हा अनुभव देशातील अनेक सरकारी दवाखान्यांत गरिबाला येतो. एक दिवसाची मजुरी बुडते, रिक्षाचे भाडे जाते आणि गोळी बाजारातूनच घ्यावी लागते. असा मनुष्य १२० रुपयेही वाया गेले असे म्हणाला, तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. ज्याचा हक्क शाबूत आहे तो औषध मिळाले नाही म्हणून तक्रार करू शकतो, वरिष्ठांकडे दाद मागू शकतो. ज्याचा हक्कच संपला त्याची तक्रार कोण ऐकणार? वाईट सेवा सुधारण्याची मागणी करण्यासाठीसुद्धा त्या सेवेचा हक्कदार राहावे लागते.

तिसरे कारण कागदपत्रांचे आहे. अपंगत्वामुळे नोकरी सुटली, याचा पुरावा लागतो. आपल्या उदाहरणातील कामगार कंत्राटदाराकडे कामाला असेल तर अडचण दुप्पट होते. कंत्राटाची मुदत संपते, कंत्राटदार दुसरीकडे जातो आणि पत्रावर सही कोणी करावयाची हा प्रश्न उरतो. कंत्राटी कामगारांची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी कायद्याने मुख्य मालकावरच टाकली आहे, हे येथे आठवणीत ठेवावे. मुख्य मालकाचे दप्तर त्या कामगाराला ओळखते. म्हणून अपघाताचा अहवाल, विमा क्रमांक, वैद्यकीय मंडळाचा निर्णय आणि नोकरी सुटल्याचे पत्र हे चार कागद एका पिशवीत जपून ठेवणे, हे अपंग कामगाराच्या घरातील पहिले काम होय. जखम ओली असतानाच ते सोपे असते. वर्षभराने ते दुर्घट होते.

विमा सोडणे योग्य ठरावे असेही प्रसंग आहेत. कामगाराला पुन्हा विम्याखालील नोकरी मिळाली, तर तेथील वर्गणीनेच त्याला आणि कुटुंबाला उपचार मिळतील. वेगळी रक्कम भरण्याचे कारण उरत नाही. पत्नी स्वतः विमाधारक कामगार असेल तर पती तिच्या विम्यात येतो. कोणी बीरगाव सोडून आपल्या मूळ गावी परतला आणि तेथून विम्याचा दवाखाना एका दिवसात जाऊन येण्याच्या टप्प्यात नसेल, तर त्याच्या दृष्टीने या हक्काचे मोल कमी होते. विदर्भातील मनुष्य नागपूरसारख्या ठिकाणी राहावयास गेला, जेथे विम्याचे रुग्णालय आहे, तर तेच मोल पुन्हा वाढते. म्हणजे निर्णयाचे मोजमाप करावयाचे ते रकमेवरून नव्हे, तर आजार कोणता, औषध रोजचे की क्वचितचे आणि दवाखाना किती दूर यांवरून. आणि रक्कम वर्षावर्षाने भरावयाची असल्यामुळे हा निर्णय दर वर्षी नव्याने तपासता येतो. एखाद्या वर्षी ती न भरण्याचे ठरविले, तर खंड पडल्यावर पुन्हा प्रवेश कसा मिळेल, हे शाखा कार्यालयात आधी विचारून ठेवावे.

या प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट होण्यासाठी एका परदेशाकडे पाहू. अमेरिकेत १९७२ साली कायदा होऊन जुलै १९७३ पासून वृद्धांसाठी असलेली मेडिकेअर ही सरकारी आरोग्य विमा योजना अपंगांनाही लागू झाली. अपंगत्वाचा विमालाभ चोवीस महिने मिळाल्यानंतर मनुष्य आपोआप तिच्यात दाखल होतो. रुग्णालयाच्या भागासाठी बहुतेकांना हप्ता पडत नाही. डॉक्टरांच्या भागासाठी मात्र दरमहा हप्ता कापला जातो आणि तो भाग नको असेल तर तसे लेखी कळवावे लागते. नोकरीतून मिळणाऱ्या दुसऱ्या विम्यासारखे सबळ कारण नसताना तो नाकारला आणि नंतर पुन्हा मागितला, तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता दहा टक्क्यांनी वाढतो. ही पद्धत निर्दोष आहे असे नाही. दोन वर्षे वाट पाहणे हेच आजारी माणसाला फार जड जाते. ब्रिटनमध्ये १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा सर्व रहिवाशांसाठी असल्यामुळे तेथे असा प्रश्नच उद्भवत नाही.

परंतु अमेरिका आणि बीरगाव यांच्यात एक भेद आहे आणि तोच या व्याख्यानाचा मुख्य मुद्दा आहे. तेथे मनुष्य गप्प राहिला तर विमा चालू होतो. नको असल्यास त्याला ‘नको’ म्हणावे लागते. येथे मनुष्य गप्प राहिला तर विमा संपतो. हवा असल्यास त्याला ‘हवा’ म्हणावे लागते. तेथे मौनाचा अर्थ होकार आहे, येथे मौनाचा अर्थ नकार आहे. आणि अपघातानंतरच्या वर्षात कामगाराच्या घरात सर्वाधिक काय असते, तर मौनच. हात गेलेला असतो, नोकरी गेलेली असते, उजव्या हाताने सही करता येत नाही म्हणून अर्ज लिहावयाची लाज वाटते. अशा मनुष्याच्या गप्प बसण्याला ‘त्याने विचारपूर्वक विमा सोडला’ असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. तो निर्णय नव्हे. त्याला प्रश्न विचारलाच गेला नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अंमलात आली आणि १९४८ च्या कायद्याची जागा तिने घेतली. कायम अपंगत्वामुळे नोकरी सुटलेल्याला वर्गणी भरून उपचार चालू ठेवता येतील, ही तरतूद संहितेतही कायम आहे. वर्गणी किती व अटी कोणत्या, हे नियमांनी ठरावयाचे आहे. म्हणून यापुढे अर्ज करणाऱ्याने त्या वर्षीची रक्कम महामंडळाच्या शाखा कार्यालयात विचारूनच भरावी. दर बदलला तरी तत्त्व बदललेले नाही : हक्क आहे, परंतु तो मागावा लागतो.

हा प्रश्न सुटण्यास मोठ्या खर्चाची गरज नाही. वैद्यकीय मंडळाचा निर्णय कामगाराच्या हाती पडतो त्याच दिवशी, त्याच टेबलावर, त्याला समजणाऱ्या भाषेत एक प्रश्न विचारला जावा : ‘पेन्शन चालू होईल, दवाखाना चालू ठेवावयाचा आहे काय?’ बीरगावमध्ये तो छत्तीसगढीत विचारावा लागेल, नागपुरात मराठीत. होकार आला तर अर्ज तेथेच भरून घ्यावा. नकार आला तर त्याचे परिणाम सांगून तो लिहून घ्यावा. कारखान्यातील संघटनेला, कामगार कल्याण अधिकाऱ्याला, वस्तीतील शिकलेल्या मुलालाही हे काम करता येईल. लाभकाल ३० जून किंवा ३१ डिसेंबर रोजी संपतो, एवढे ज्याला ठाऊक आहे तो शेजाऱ्याला वेळेवर सावध करू शकतो.

आणि हा प्रश्न विचारला जाईल तेव्हा कामगाराची पत्नी तेथे हजर असावी. वैद्यकीय मंडळापुढे तिला कोणी बोलावीत नाही. तिचे बोट गेलेले नसते, टक्केवारीत तिचा हिशेब नसतो. परंतु दवाखाना बंद झाला म्हणजे पहिली चुकते ती तिचीच गोळी. घरात पैसा कमी पडला की ती प्रथम स्वतःचे औषध थांबविते आणि त्याची वाच्यताही करीत नाही. कायद्याने ६० व्या नियमात पत्नीचा उल्लेख मुद्दाम केलेला आहे. म्हणून होकार-नकार देण्याच्या वेळी त्या टेबलापाशी तिच्यासाठीही एक खुर्ची असली पाहिजे.